खालीच्या महिन्याचा चांद

लग्नानंतर आम्ही नागपुरात भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा माझं म्हणणं एवढंच होतं की, इतवारीतल्या दुकानात मला पायी जाता यावं आणि कपडे वाळत घालायला मोकळी गच्ची असावी. मी सोन्याचांदीच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर दिव्यांच्या झगमगाटात उभं राहिल्यावर संध्याकाळी थोडं आभाळ लागतं. नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात, त्याला बसथांबा जवळ हवा होता. शेवटी एका अरुंद गल्लीत, एका निवृत्त शिक्षकांच्या घराचा वरचा मजला मिळाला. खाली ते आणि त्यांची बायको. मुलगी लग्न होऊन दुबईला गेलेली.

ते व्यायामशिक्षक होते. मूळचे खाप्याचे, नोकरीही बरीचशी तिथल्याच शाळेत झालेली. पूर्ण गल्ली त्यांना सर म्हणायची. त्यांच्या बायकोला मी पहिल्या दिवसापासून चाची म्हणते. त्याही नवऱ्याला सरच म्हणतात. फक्त त्यांच्या तोंडी तो शब्द कधी लाडाचा असतो, कधी टोमण्याचा. दोघं आपसात हिंदीत बोलतात, माझ्याशी नागपुरी मराठीत, आणि भांडताना दोन्हीत.

आम्ही राहायला आलो तो रमजानचा महिना होता. आठवड्याभराने एका संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले, तर तिथे अर्धी गल्ली जमलेली. बाया, म्हातारे, कडेवरची लेकरं. सर कठड्याला टेकून पश्चिमेकडे तोंड करून उभे. मला पाहून म्हणाले, "पोरी, दोरीवरच्या साड्या काढ वं लवकर. चांद तुया साड्यांमागं लपला तं ईद एक दिवस लांबन."

मी धांदरटासारख्या साड्या ओढल्या आणि तशाच छातीशी धरून उभी राहिले. आभाळ तांबूस होतं. मला काहीच दिसत नव्हतं. थोड्या वेळाने सरांनी हात उचलला, एक बोट सरळ केलं आणि म्हणाले, "थो पाहा." गच्चीवरची सगळी डोकी त्यांच्या बोटाच्या रोखाने वळली. आधी कुणालाच दिसेना, मग एकाला दिसला, मग दुसऱ्याला, आणि मग सगळ्यांचा एकदमच गलका झाला. मला सगळ्यात शेवटी दिसला. नखाच्या कडेसारखा, इतका बारीक की नजर हलली की हरवायचा. चाचीने माझ्या हातातल्या साड्यांसकट मला मिठी मारली. "चांद मुबारक, बेटा." कुणाला काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना "तुम्हालाही, तुम्हालाही" म्हणत सुटले.

तेव्हापासून दरवर्षी ठरलेलं. सरांचा चांद सगळ्यात आधी. त्याचं कारणही गल्ली कौतुकाने सांगायची. सर तरुणपणी कबड्डीचे पंच होते. गर्दीत, धुळीत, सात जणांच्या झटापटीत कुणाचा अंगठा रेषेला लागला ते त्यांना दिसायचं. त्यांच्या निर्णयावर दोन्ही बाजूंचे गावकरी गप्प बसायचे म्हणे. अशा माणसाला चांद काय दिसणार नाही!

त्यांच्या शेजारात राहून मला चांद्रमासांची नावं पाठ झाली. रज्जब, शाबान, रमजान, शव्वाल. सगळ्यात गंमत वाटायची ती सण सरकण्याची. मी राहायला आले तेव्हा रमजान उन्हाळ्यात होता. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत तो हळूहळू थंडीच्या दिशेने निघालेला. एकदा रोजा सोडायच्या वेळी मी मुगाचे वडे घेऊन खाली गेले होते, तेव्हा सरांना विचारलं, "सर, आमच्यातही महिने चंद्राचेच की. मग आमची दिवाळी थंडीतच कशी येते आणि तुमची ईद कशी फिरते?"

सर खूश झाले. शिक्षकाला प्रश्न विचारला की तो होतोच. "तुमचा पंचांगवाला मधात अधिक महिना घालते. सण लांब पळाला की लगाम ओढून जागेवर आणते. आमच्यात लगाम नाही. रमजान मोकळा सुटते. साऱ्या ऋतूंच्या घरी पाहुणा जाते."

"मग बरं कोणत्या ऋतूत वाटतं?"

"पहिला रोजा मी ठेवला तवा थंडी होती. खाप्याले, नदीकाठी. सकाळी कन्हानवर धुकं आणि माया पोटात कावळे. दुपारी मी नदीवर तोंड धुवाले गेलो आणि थोडं पाणी..." सर थांबले.

"प्यायलं?" मी विचारलं.

"माय उभी होती ना मांगं!" सर हसले. "नोकरीत होतो तवा तेच रोजे भर मे महिन्यात आले. तालुक्याच्या मॅची. जीभ टाळूले चिकटे, पण नजर रेषेवरून हटली नाही. मंग दिवाळीजवळ आले, मंग पावसाळ्यात. आता पुन्हा फिरून थंडीकडं चालले. माया पहिल्या रोजाच्या गावाले निघाले म्हण."

चाची आतून म्हणाल्या, "गप्पा पुरे, वडे थंडे होऊन राहिले."

हे सगळं असं छान चाललेलं असताना एका वर्षी पाडवा आणि ईद फार जवळजवळ आले. आमची फाल्गुनाची अमावास्या सरल्यावर दिसतो तोच चांद त्यांना ईदेसाठी हवा असतो, त्यामुळे काही वर्षं दोन्ही सण हातात हात घालून येतात. त्या वर्षी मी गच्चीवर गुढी उभारली, दिवस मावळायच्या आत उतरवली, आणि तिथेच संध्याकाळी चांद पाहायला गर्दी जमली. आभाळ स्वच्छ होतं. सरांनी नेहमीसारखा हात उचलला. "थो पाहा. टॉवरच्या बाजूनं."

सगळ्यांनी पाहिलं. कुणालाच दिसेना. पण सरांना दिसला म्हणजे दिसला. कुणीतरी ओरडलं, "हो हो, दिसला!" लगेच दुसरा म्हणाला दिसला. लोक खाली धावले. चाचीने शीरखुर्म्यासाठी खारीक भिजत घातली. गल्लीत फटाके फुटले. आणि तेवढ्यात मशिदीतून घोषणा झाली की शहरात चांद कुठेच दिसला नाही, गावोगावहूनही खबर नाही. उद्या तिसावा रोजा.

गल्ली हिरमुसली, पण सरांना कुणी काही बोललं नाही. सर म्हणाले, "मले तं दिसला होता," आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालायला गच्चीवर गेले. सहज सरांच्या जागेवर उभी राहून टॉवरच्या बाजूला पाहिलं. पलीकडच्या घराच्या अँटेनाच्या काठीवर संक्रांतीचा एक फाटका पतंग अडकलेला होता. कागद कधीच उडून गेला होता, राहिली होती फक्त बांबूची कमान. बारीक, पांढुरकी, वाकडी. मला हसू आलं, आणि लगेच कसंसंच वाटलं. कारण मग एकेक गोष्ट आठवायला लागली. सर हल्ली चहा बशीत ओतताना बशीच्या बाहेर सांडत. जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपडत. रस्त्यात मी समोरून आले तरी मी बोलेपर्यंत ओळखत नसत.

चाचीला विचारलं तर त्या लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "मले माहीत नाही का? पेपर उलटा धरून बसतात कधी कधी. डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसरं काय! पण सांगाले गेलं की म्हंतात, डोळ्याले काही झालं नाही, आजकाल चांदच बारीक येऊन राहिला."

आम्ही दोघींनी वर्षभर प्रयत्न केले. मी दुकानातून घरी येताना डोळ्यांच्या शिबिराचे कागद आणायचे. सर त्यांचे नीट चौकोनी तुकडे करून मोबाइलचे नंबर लिहायला ठेवायचे, आणि मग तेही त्यांना दिसायचे नाहीत. मुलगी दुबईहून व्हिडिओवर रागवायची. सर मोबाइल कानाला लावून म्हणायचे, "आवाज कटून राहिला बेटा."

थंडीत खाप्याच्या शाळेत जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता. सरांना आग्रहाचं बोलावणं आलं. माझ्या नवऱ्याने एका दोस्ताची गाडी आणली आणि आम्ही चौघं गेलो. शाळेचं मैदान सारवल्यासारखं साफ केलेलं, फक्कीने आखलेल्या पांढऱ्याशुभ्र रेषा. पोट सुटलेले, केस पिकलेले जुने खेळाडू पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते आणि एकमेकांना शाळेतल्या टोपणनावांनी हाका मारत होते. सरांना पाहिल्यावर सगळे पाया पडायला धावले. "सर, पंच तुम्हीच!"

सर रेषेजवळ जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांची पाठ एकदम ताठ झाली. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. खेळ सुरू झाला. धापा टाकत, हसत, पडत, उठत. दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. मग एक गडी चढाईला गेला. अंगाने आडदांड, कानावरचे केस पांढरे. समोरच्या एकाला हात लावून तो कडेकडेने परत फिरत होता, आणि सरांनी हात वर केला. "बाद! रेषेबाहेर पाय."

मी त्याच बाजूला चाचीजवळ खुर्चीवर बसले होते. फक्कीची रेषा माझ्या समोर होती. तिला कुणाचा पाय लागलेला नव्हता. फक्की जशीच्या तशी होती. ते मला दिसत होतं, सगळ्यांना दिसत होतं. तो गडी सरांकडे पाहत राहिला. मग पुढे आला, त्यांच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता तं बाद, सर." आणि हसत बाहेर जाऊन बसला. टाळ्या वाजल्या. सामना संपला, नाश्ता झाला, सत्कार झाला, सरांच्या खांद्यावर शाल आली.

परत येताना सर गाडीत पुढे बसून शालीच्या काठाशी चाळा करत होते. मग एकदम मागे वळून मला म्हणाले, "पोरी, तू रेषेजवळ बसली होतीस. खरं सांगजो. त्याचा पाय लागला होता का?"

मी चाचीकडे पाहिलं. चाची खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे पाहत होत्या.

"नाही सर," मी म्हणाले. "हातभर आत होता."

"मंग कोणी बोललं काहून नाही?"

"तुमाले कोण बोलन?" चाची खिडकीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या. "सारे तुमच्या हातचे."

सर पुन्हा पुढे पाहू लागले. "थो गडी आठवीत असताना निर्णय पटला नाही तं माया अंगावर धावून येत होता. आन आज पाया पडून बाहेर गेला. मायी कीव केली त्यानं." त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि मांडीवर ठेवली. "डॉक्टरले कधी भेटाचं ते पाहा."

चाचीने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आधी उजवा करू. सरांचा एकच प्रश्न होता, "ईदच्या चांदापर्यंत दिसन ना?" डॉक्टर टेबलावरच्या कॅलेंडरची पानं उलटायला लागल्या आणि सर बोटांच्या पेरांवर शाबान आणि रमजानचे दिवस मोजायला. दोघंही आपापल्या हिशेबाने एकाच दिवसावर आले, तेव्हा डॉक्टरांनी हसून कॅलेंडर बंद केलं. "दिसेल सर. पण मी सांगेन तसं वागायचं. डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, आणि थेंब वेळेवर."

ऑपरेशन अगदी सहज झालं, सर बाहेर आले तेही "झालं एवढंच?" असं विचारत. खरी मजा पट्टी निघाल्यावर आली. घरी आल्यावर सर बैठकीत मधोमध उभे राहिले आणि भिंतीकडे पाहत राहिले.

"ही भित कोणत्या रंगाची आहे?"

"आसमानी," चाची म्हणाल्या.

"आसमानीच आहे?"

"पहिल्यापासून आसमानीच आहे."

सर खाली बसले. गोष्ट अशी की दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा सरांनी आसमानी सांगितला होता आणि पेंटरने हिरवा दिला म्हणून त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं. बिचाऱ्याने घाबरून तोच आसमानी पुन्हा एकदा फासला आणि म्हणाला, आता झाला सर. तरी सर म्हणाले हिरवाच आहे, आणि पुढे वर्षभर तो दिसला की तोंड फिरवायचे. "मी त्याले काय काय बोललो," सर म्हणाले. काळा चष्मा चढवून ते तसेच उठले आणि चौकातल्या त्याच्या घरी माफी मागायला गेले. तासाभराने परत आले ते त्याच्याकडची शेंगदाण्याची चिक्की खिशात भरून.

थेंब टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण चाचीचा हात थरथरायचा. रमजान सुरू झाल्यावर थेंबांनी रोजा तुटतो की काय अशी सरांना शंका आली. त्यांनी मशिदीत जाऊन विचारलं. तुटत नाही असं उत्तर मिळालं. तरी पहिल्या दिवशी थेंब टाकल्यावर ते तोंड घट्ट मिटून बसले. "सर, डोळ्यात टाकलंय, तोंडात नाही," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण तोंड उघडलं नाही. नमाज ते खुर्चीवर बसून पढत. सवयीने खाली वाकायला लागले की चाची स्वयंपाकघरातून खोकत.

त्याही वर्षी पाडव्याची आणि चांदाची एकाच दिवशी गाठ पडणार होती. सकाळी मी गुढी उभारली, पुरणपोळ्या केल्या. साखरेची गाठी खाली नेऊन दिली, तेव्हा सर म्हणाले, "आज रोजा खजुरानं सोडीन आणि वरून तुयी गाठी खाईन. चांद दिसलाच पायजे मंग." त्यांचा उत्साह लहान मुलासारखा होता. दुपारपासून ते दोनदा गच्चीवर जाऊन आले.

चार वाजता ढग आले. नागपूरच्या मार्चमध्ये कधी कधी येतात तसे, कुठूनही, कुणालाही न विचारता. संध्याकाळपर्यंत पश्चिमेकडे राखेचा पडदा लागला होता. तरीही गच्ची भरली. सर पुढे उभे, डोळ्यावर काळा चष्मा. चाचीला हसू आवरेना. "काळा चष्मा लावून चांद पाहून राहिले! सर, दिवस मावळला, काढा आता."

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पाहत राहिले. ढग एका ठिकाणी थोडे विरळ झाले, पुन्हा दाट झाले. कुणीतरी म्हणालं, "सर, दिसते का काही?" मला वाटलं आता ते हात उचलतील. ते म्हणाले, "नाही. मले काही दिसत नाही." इतक्या स्वच्छ आवाजात आणि इतक्या निवांतपणे म्हणाले की मला उगीचच भरून आलं.

थोड्या वेळाने फोन वाजायला लागले. दुसऱ्या गावांमध्ये चांद दिसला होता. मग मशिदीतून घोषणा झाली आणि गल्ली उसळली. लोक गळ्यात पडले, फटाके, हाका, दूध आणायला धावपळ. सर सगळ्यांना भेटले. "गवाही पक्की आहे. उद्या ईद," म्हणाले. पण सगळे खाली गेल्यावरही ते कठड्याजवळच होते. दुबईहून मुलीचा फोन आला. तिच्याकडे ईद एक दिवस आधीच झाली होती. ती म्हणाली, "अब्बा, मी चांदचा फोटो काढला आहे, पाठवते."

"नको बेटा," सर म्हणाले. "फोटोतला चांद कोणालेही दिसते."

ईद मात्र जोरात झाली. शीरखुर्म्याच्या वाट्या वर आल्या, पुरणपोळ्या खाली गेल्या. पेंटर नवीन कुर्ता घालून आला आणि सरांनी त्याला मुद्दाम त्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. संध्याकाळी ढग फाटले आणि चांद दिसला, जाडसर, ठळक. मी पळत खाली जाऊन सरांना सांगितलं. ते वर आले, पाहिला, मान डोलावली. "हा कालचा आहे," ते म्हणाले. "आज आंधळ्यालेही दिसन." आणि मग माझा चेहरा पाहून, "चांगला आहे, चांगला आहे," असंही म्हणाले.

पुढे ऊन चढलं. मी ते सगळं जवळजवळ विसरले. दुकानात लग्नसराईची गर्दी, घरी वाळवणं. एप्रिलच्या शेवटाला एका संध्याकाळी कुरडया उचलायला गच्चीवर गेले, तर सर खुर्ची टाकून पश्चिमेकडे तोंड करून बसलेले. एकटेच. गच्चीवर पाणी मारलेलं होतं, तरी खालून वाफा येत होत्या.

"आज काय आहे सर?"

"काही नाही."

"मग असे काहून बसलात?"

"शव्वाल सरून राहिला. उद्या दुसरा महिना लागते. जिल्काद. आमच्या घरी बाया त्याले खालीचा महिना म्हंतात. मांगं ईद, पुढं बकरी ईद, आणि मधात हा खाली. कोणता सण नाही, कोणता उरूस नाही, लग्नंही लोक टाळतात. त्याचा चांद पाहाले कोणी येत नाही."

मी कुरडयांचं ताट बाजूला ठेवलं आणि कठड्यावर बसले. आभाळाच्या खालच्या कडेला संत्र्याच्या सालीचा रंग होता, वर फिकट निळं. एक घार सावकाश फिरत होती. खालून चाचीच्या खलबत्त्याचा आवाज येत होता.

मग सर खुर्चीतून उठले. हळूच. हात उचलला नाही, मोठ्याने काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "आहे."

"कुठे?"

"पिंपळाचा शेंडा दिसते? त्याच्या वरून डावीकडं ये. अजून थोडी. थांब."

मी डोळे ताणले, बारीक केले, पुन्हा उघडले. काही नाही. आणि मग होता. इतका बारीक की मला वाटलं आपण कल्पना करतोय. दुकानात मी रोज नाजूक नथी हाताळते, पण सोन्याची इतकी बारीक तार कुणी ओढू शकेल असं मला वाटत नाही. दोन्ही टोकं वर, आणि ती तर जवळजवळ नसल्यासारखीच.

"दोन टोकं दिसतात ना?" सरांनी विचारलं. "मधातला भाग थोडा जाड, टोकं पातळ, उजवं टोक थोडं वर."

"हो सर. बरोबर."

तेव्हा त्यांनी दोन्ही हात चेहऱ्यापुढे धरले आणि ओठांतल्या ओठांत दुवा म्हटली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मी घाबरून म्हणाले, "सर, चोळू नका हं, डॉक्टरांनी सांगितलंय." ते रडता रडता हसायला लागले.

मी जिन्यावरून हाक मारली. "चाची, वर या!"

"गुडघे दुखून राहिले वं माये. काय आहे?"

"सरांना चांद दिसला!"

खलबत्ता थांबला. चाची एकेक पायरी चढत, प्रत्येक पायरीवर एक "या अल्ला" म्हणत वर आल्या. धापा टाकत म्हणाल्या, "खालीच्या महिन्याचा चांद कोण पाहते?" सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना आपल्यासमोर उभं केलं आणि पिंपळाच्या शेंड्यापासून सुरुवात केली. चाचीला तो दिसला की नाही, देव जाणे. त्या म्हणाल्या, "दिसला, दिसला, लय सुंदर आहे," आणि डोळ्याला पदर लावला.

खाली गेल्यावर सर म्हणाले, "काही गोड कर."

"आज? आज काय आहे सांगू लोकाले?"

"सांगू नको काही."

ईदेच्या उरलेल्या शेवयांचं पाकीट फळीवर होतं. माझ्याकडे दूध होतं आणि नवऱ्याने येताना आणखी आणलं. चाचीने शेवया तुपात परतल्या, चारोळी मी घातली, साखर सरांनी, आणि जास्तच घातली. मग मी आणि माझा नवरा वाट्या घेऊन गल्लीत निघालो. प्रत्येक दारात एकच प्रश्न. एकाने विचारलं, मुलीकडे काही गोड बातमी आहे का? एका आजींनी विचारलं, नवीन गाडी घेतली का? पेंटरने वाटी घेतली आणि काळजीने विचारलं, "सरले पुन्हा रंग देयाचा आहे का घराले?"

आम्ही परत आलो तेव्हा सर बैठकीत बसून दुबईला फोन करत होते. या वेळी मोबाइल कानाला नव्हता, समोर धरला होता. "बेटा, आवाज साफ आहे," ते सांगत होते. "नाही, नाही, सण नाही कोणता. तुया मायनं उगाच शेवया केल्या. आणि आयक, दुसऱ्या डोळ्याची तारीख मी घेऊन टाकली आहे. मोहरमच्या आधी करून टाकतो म्हटलं."

चाची माझ्याकडे पाहत पुटपुटल्या, "कधी घेतली तारीख? आत्ता घेतली का मनातल्या मनात?" आणि मला भांडं पुढे करून म्हणाल्या, "खरवड तू खा वं. सगळ्यात गोड तीच आहे."